पाटीवरचे आडनाव खरे कसे ओळखावे? गावातल्या तीन पिढ्यांच्या फ्युनरल होमविषयी

प्रश्न : रारिटनकाठ

नमस्कार. आम्ही गेली 26 वर्षे मध्य न्यू जर्सीतल्या एका जुन्या गावात राहतो. गावाच्या मुख्य रस्त्यावर पुढे रुंद ओसरी असलेले एक पांढरे दुमजली घर आहे आणि नवख्या माणसाला तो एखाद्या डॉक्टरांचा बंगला वाटतो. प्रत्यक्षात ते फ्युनरल होम, म्हणजे पार्थिव ताब्यात घेण्यापासून अंत्यसंस्कारापर्यंतची सगळी व्यवस्था पाहणारे खासगी ठिकाण, आहे. (मराठीत याला चपखल शब्द नाही, कारण आपल्याकडे हा व्यवसाय या रूपात नाही. ‘अंत्यविधीगृह’ म्हटले की नगरपालिकेची पाटी डोळ्यांसमोर येते, म्हणून इथल्या बोलण्यातला शब्दच वापरतो.) ते आजोबांनी सुरू केले, पुढे मुलाने चालवले आणि आता नात चालवते. खाली दर्शनाचे दालन व कचेरी आणि वरच्या मजल्यावर कुटुंबाचे बिऱ्हाड अशी जुनी पद्धत तिच्या वडिलांच्या काळापर्यंत होती.

मागच्या वर्षी जानेवारीत माझी आई घरीच वारली. हॉस्पिसच्या (अखेरच्या दिवसांत रुग्णाची काळजी घेणाऱ्या सेवेच्या) परिचारिकेने मृत्यूची नोंद केली आणि आता फ्युनरल होमला फोन करा, असे सांगितले. पहाटेचे साडेतीन वाजले होते. फोन त्या नातीनेच उचलला आणि अर्ध्या तासात ती एका मदतनीसाला घेऊन स्वतः आली. दारातल्या चपला पाहून तिने न सांगता बूट काढले. नेण्याआधी तुम्हाला काही करायचे आहे का, एवढेच तिने विचारले आणि आम्ही गंगाजल, तुळशीपत्र, थोडे नामस्मरण असे सगळे करेपर्यंत दोघेही स्वयंपाकघरात उभे राहिले. दुसऱ्या दिवशी माझ्या पत्नीने आणि वहिनींनी तिथे आईला स्नान घालून नऊवारी नेसवली, तेव्हा दालनाचे दार लावून ती बाहेर बसून राहिली. शेवटी आलेले बिल आधी दिलेल्या कागदाशी तंतोतंत जुळले.

हे सगळे सविस्तर सांगण्याचे कारण असे की, गेल्या महिन्यात महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात एका स्नेह्यांनी मला जवळजवळ वेड्यातच काढले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे अशी बहुतेक घरे मोठ्या कंपन्यांनी केव्हाच विकत घेतली आहेत, पाटीवर जुने आडनाव फक्त ठेवलेले असते आणि ती नात कदाचित तिथे पगारावर असेल. माझे वडील आता 84 वर्षांचे आहेत. आपल्या पश्चात मुलांना धावपळ नको म्हणून त्यांना स्वतःची व्यवस्था आताच ठरवून, शक्य असल्यास पैसेही भरून ठेवायचे आहेत आणि ते याच ठिकाणी, असा त्यांचा आग्रह आहे. तेव्हा मालकी खरोखर कुटुंबाची आहे की नाही हे कसे कळावे, त्याने व्यवहारात काही फरक पडतो का, आणि आगाऊ पैसे भरणे सुरक्षित आहे का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद : जुना हिशेबनीस

आपल्या मातोश्रींविषयी वाचून वाईट वाटले. मी निवृत्त होईपर्यंत लहान कौटुंबिक व्यवसायांचे हिशेब पाहत असे आणि त्यात दोन फ्युनरल होमही होती, म्हणून थोडे लिहितो.

आपल्या स्नेह्यांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. अमेरिकेत साधारण 19 हजार फ्युनरल होम आहेत आणि या व्यावसायिकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या माहितीनुसार दहापैकी जवळजवळ नऊ आजही कुटुंबांच्या किंवा व्यक्तींच्या हातात आहेत. मात्र उरलेल्यांत ह्यूस्टनची सर्व्हिस कॉर्पोरेशन इंटरनॅशनल ही एकटी कंपनी सुमारे दीड हजार ठिकाणे चालवते. गंमत अशी की, 1962 मध्ये ही कंपनी उभी करणारे रॉबर्ट वॉल्ट्रिप हे स्वतः ह्यूस्टनमधल्या आपल्या घरच्या फ्युनरल होममध्ये वाढलेले होते. त्यांचा हिशेब साधा होता. एका शहरातली पाचसहा घरे घ्यायची, त्यांच्या शववाहिका, चालक आणि पार्थिव टिकवण्याचे काम करणारे कारागीर एकत्र ठेवायचे, म्हणजे प्रत्येक घरामागचा खर्च उतरतो. पाटी मात्र बदलायची नाही, कारण अशा व्यवहारात खरी किंमत इमारतीची नसते, आडनावाची असते. ज्या घरातून आजीला निरोप दिला त्याच घरातून आजोबांना द्यायचा, हा लोकांचा शिरस्ता असतो आणि तोच शिरस्ता विकत घेतला जातो.

कुटुंबे विकतात तीही लोभाने विकतात असे नाही. हा धंदा मुळात सुतारकामातून आला. गावात पलंग-कपाटे करणारा सुतारच शवपेटी करी, मग पेटीबरोबर गाडी देऊ लागला आणि पुढे सगळीच व्यवस्था पाहू लागला. अमेरिकेच्या यादवी युद्धात (1861 ते 1865) दूरवर पडलेल्या सैनिकांना घरी पोहोचवण्यासाठी एम्बामिंगचा, म्हणजे पार्थिव रसायनांनी टिकवण्याचा, प्रसार झाला. 1865 मध्ये लिंकन यांचे पार्थिव वॉशिंग्टनहून स्प्रिंगफील्डपर्यंत रेल्वेने नेताना वाटेत लाखो लोकांनी पाहिले, तेव्हा ती गोष्ट सामान्य घरांनाही आपलीशी वाटू लागली. पेटी, एम्बामिंग आणि दर्शनाचे दालन या तिन्हींवर पुढची शंभर वर्षे हा धंदा उभा राहिला. 1960 मध्ये इथे शंभरातले चारही दहन करत नव्हते, आता साठ करतात. साध्या दहनात पेटी नाही, एम्बामिंग नाही, अनेकदा दर्शनही नाही. इमारत, गाडी, परवानाधारक माणूस आणि रात्रीचा फोन यांचा खर्च मात्र तेवढाच राहतो. माझ्या दोन अशिलांपैकी एकाच्या मुलाने सरळ सांगितले होते की, वडिलांनी एकाही ख्रिसमसचे जेवण पूर्ण केलेले त्याला आठवत नाही. ते घर विकले गेले आणि पाटी आजही तीच आहे.

अशी घरे विकत घेणाऱ्या मोठ्या कंपन्यांचे सगळेच डाव साधतात असेही नाही. मिसिसिपी राज्यातल्या बिलॉक्सीचे जेरेमाया ओकीफ यांचा घरचा फ्युनरल होमचा व अंत्यविधी विम्याचा व्यवसाय होता. कॅनडातल्या लोवेन या मोठ्या कंपनीने करार मोडल्याचा दावा त्यांनी लावला आणि 1995 मध्ये ज्यूरीने कंपनीविरुद्ध 50 कोटी डॉलरचा निकाल दिला. पुढे 17.5 कोटींवर तडजोड झाली आणि 1999 मध्ये लोवेन कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. मालकी ओळखण्याची माझी पद्धत अगदी हिशेबनिसाची आहे : चेक कोणाच्या नावाने काढायचा ते विचारा. दरपत्रकाच्या आणि कराराच्या तळाशी बारीक अक्षरात कायदेशीर नाव असते, तेही वाचा. पाटीवर आडनाव आणि कागदावर दुसऱ्याच राज्यातली कंपनी, असे दिसले की उत्तर मिळाले. परवान्याची चौकशी राज्याच्या मॉर्च्युरी सायन्स मंडळाकडे करता येते. सर्वांत सोपे म्हणजे त्या बाईंनाच विचारणे. पहाटे साडेतीनला बूट काढून घरात येणारी व्यक्ती या प्रश्नाचा राग धरणार नाही.

आगाऊ पैशांबाबत न्यू जर्सीचा कायदा बराच कडक आहे. ती रक्कम विश्वस्त निधीत किंवा विम्यातच ठेवावी लागते, फ्युनरल होमला ती सेवा देईपर्यंत वापरता येत नाही. निधीतली रक्कम सामान्यतः परत मागता येते आणि दुसऱ्या ठिकाणी वळवताही येते. अपवाद एवढाच की, मेडिकेडच्या (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेच्या) पात्रतेसाठी ‘न मोडता येणारा’ निधी केला असेल तर रोख परत मिळत नाही. त्यामुळे उद्या घर विकले गेले तरी वडिलांचे पैसे बुडणार नाहीत. दर कायम राहील की फक्त जमा रक्कम मोजली जाईल, ही गोष्ट मात्र सही करण्याआधी लेखी घ्यावी.

प्रतिसाद : ओहायोकर

हिशेबनीस यांच्याशी बहुतेक सहमत आहे, पण ‘कौटुंबिक’ या शब्दाला एवढे वजन देऊ नये, असे मला अनुभवाने वाटते.

माझे सासरे गेले तेव्हा आम्हीही चार पिढ्यांच्या एका घराकडे गेलो होतो. माणसे गोड होती. आम्हाला प्रथम शवपेट्यांच्या खोलीत नेण्यात आले. चकाकणाऱ्या पेट्या दाराशी होत्या आणि सर्वांत स्वस्त पेटी कोपऱ्यात, अशा मळकट रंगात ठेवली होती की ती निवडताना माणसाला आपण कंजूष असल्यासारखे वाटावे. दहन करायचे आहे, असे सांगितल्यावरही साध्या पुठ्ठ्याच्या किंवा फळ्यांच्या पेटीचा उल्लेख त्यांनी आपणहून केला नाही. नातेवाईक यायला दोन दिवस लागणार होते म्हणून एम्बामिंग ‘करावेच लागते’, असेही सांगितले गेले. शीतगृहात ठेवले असते तरी चालले असते, हे आम्हाला नंतर कळले.

1984 पासून फेडरल ट्रेड कमिशनचा (ग्राहकांचे हित पाहणाऱ्या केंद्रीय आयोगाचा) ‘फ्युनरल रूल’ हा नियम लागू आहे. त्यानुसार समोर जाऊन विचारणाऱ्या कोणालाही छापील दरपत्रक घरी नेण्यासाठी द्यावे लागते आणि फोनवर दर सांगावे लागतात. एम्बामिंग कायद्याने बंधनकारक असल्याचे खोटे सांगता येत नाही, साध्या दहनासाठी स्वस्त पेटीचा पर्याय ठेवावा लागतो आणि बाहेरून आणलेल्या पेटीवर जादा आकार लावता येत नाही. आम्हाला यातले काहीच माहीत नव्हते आणि दुःखात कोणी घासाघीस करत बसत नाही, हे त्या चार पिढ्यांना चांगले ठाऊक होते. न्यायाने हेही सांगतो की, नंतर उत्सुकतेपोटी दोन मैलांवरच्या कंपनीच्या घराचे दरपत्रक मागवले, तेव्हा ते याहून महाग निघाले. म्हणून रारिटनकाठ, आपल्याला जे आवडले ते त्या बाईंचे वागणे आहे. त्याचे श्रेय आडनावाला देऊ नका. अजून दोन ठिकाणची दरपत्रके जरूर आणा.

प्रतिसाद : शिकागोचा वारा

ओहायोकर, आपला अनुभव खरा आहे, पण आडनाव म्हणजे केवळ विक्रीची क्लृप्ती नव्हे. या देशात आयरिश, इटालियन, पोलिश, ज्यू अशा प्रत्येक समाजाची स्वतःची फ्युनरल होम झाली, कारण विधी आणि भाषा ज्याला कळतात त्याच्याच हाती माणूस सोपवावा, असे लोकांना वाटे. कृष्णवर्णीयांच्या बाबतीत तर हा आवडीनिवडीचा प्रश्नच नव्हता, कारण गोरी घरे त्यांना दारात उभे करत नसत.

1955 मध्ये मिसिसिपीत शिकागोच्या एमेट टिल या 14 वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची हत्या झाली आणि त्याचे पार्थिव खिळे ठोकलेल्या पेटीतून शिकागोला आले. पेटी उघडली जाणार नाही, अशी हमी मिसिसिपीतल्या अधिकाऱ्यांनी घेतली होती. आईने पेटी उघडण्याचा आग्रह धरला आणि शिकागोतल्या ए. ए. रेनर यांच्या फ्युनरल होमने ती उघडली. पुढे हजारो लोकांनी चर्चमध्ये रांगेने उभे राहून त्या मुलाचा चेहरा पाहिला आणि नागरी हक्कांच्या चळवळीला त्यातून केवढे बळ मिळाले, हे आपण जाणतोच. रेनर यांना उद्याही त्याच वस्तीत त्याच लोकांसमोर उभे राहायचे होते. लांबच्या शहरातल्या मुख्य कचेरीला विचारून काम करणाऱ्या व्यवस्थापकाला हे जमले असते का, याची मला शंका आहे.

प्रतिसाद : एडिसनची माई

मी मंडळातर्फे अशा प्रसंगी कुटुंबांना मदत करते, त्यामुळे विधींच्या बाजूने चार गोष्टी सांगते. आपल्याला फरक पडतो तो इथेच.

न्यू जर्सीत फ्युनरल होमला स्वतःचे दहनगृह ठेवता येत नाही. दहनगृहे दफनभूमींच्या आवारात असतात आणि त्यांचे नियम वेगळे असतात. मृत्यूनंतर 24 तासांच्या आत दहन होत नाही. त्यामुळे ‘दहनाच्या वेळी किती माणसांना आत येऊ देतील, मुलाला किंवा मुलीला भट्टीची कळ दाबू देतील का, गुरुजींना किती वेळ मिळेल’ हे फ्युनरल होमच्या मालकाच्या हातात नसते. त्याची किंवा तिची दहनगृहाशी किती जुनी ओळख आहे, यावर मात्र बरेच अवलंबून असते. आमच्या भागात एका फोनवर सकाळची पहिली वेळ मिळवून देणारी माणसे आहेत आणि ‘ऑनलाइन अर्ज भरा’ म्हणणारीही आहेत.

दालनात उघडी आग बहुतेक ठिकाणी चालत नाही, म्हणून बॅटरीचा दिवा न्यावा लागतो. पाणी देताना मडके फोडायचे असेल तर आधी विचारावे. मागे एका घराने आम्हाला ओसरीवर जागा करून दिली आणि खापऱ्या स्वतः झाडून काढल्या. पेसमेकर असेल तर तो दहनापूर्वी काढावाच लागतो, नाहीतर भट्टीत त्याचा स्फोट होतो. मंगळसूत्र, पाटल्या काय ठेवायचे ते आधीच ठरवावे, कारण नंतर धातू हाती येत नाही.

सावडण्याविषयी पुष्कळांची निराशा होते. दोन-तीन तासांच्या दहनानंतर उरलेल्या अस्थींतून चुंबकाने धातू वेगळे करतात आणि त्या यंत्रात दळून भुकटी करून देतात. तिसऱ्या दिवशी अस्थी वेचण्याची आपली कल्पना इथे तशी उरतच नाही. अदलाबदल होऊ नये म्हणून क्रमांक कोरलेली धातूची चकती मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत बरोबर असते. नाशिकला किंवा आळंदीला अस्थी न्यायच्या असतील तर कलश लाकडाचा किंवा प्लास्टिकचा घ्या. विमानतळावर क्ष-किरणांतून आतले दिसले नाही तर तो पुढे नेऊ देत नाहीत आणि तो उघडून पाहण्याची त्यांना मुभा नसते. मृत्यूचा दाखला, दहनाचा दाखला आणि भारतीय दूतावासाची कागदपत्रे सोबत ठेवावीत.

आणखी एक. मृत्युपत्रात कोणाला नेमले नसेल तर दहनाच्या संमतीवर पहिला हक्क पती किंवा पत्नीचा, नंतर सज्ञान मुलांच्या बहुमताचा असतो. आपण भावंडे वेगवेगळ्या देशांत असाल तर वडिलांची इच्छा आताच कागदावर आणा. एक मुलगा पुण्यात, एक सिंगापूरला, एक इथे आणि तिघांची तीन मते, अशी वेळ मी पाहिली आहे. त्या वेळी फ्युनरल होम कितीही जुने असले तरी ते सह्या होईपर्यंत थांबण्यापलीकडे काही करू शकत नाही.

रारिटनकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हिशेबनीस यांच्या सल्ल्याप्रमाणे शनिवारी वडिलांना घेऊन प्रत्यक्ष जाऊन आलो.

प्रश्न मी आडून विचारणार होतो, पण वडिलांनी खुर्चीत बसतानाच ‘हे अजून तुमचेच आहे ना?’ असे विचारले. ती हसली. मालकी अजून तिची आणि तिच्या भावाची आहे आणि कागदावरचे नावही तेच आहे. आतापर्यंत दोनदा कंपन्यांकडून विचारणा झाल्याचे तिने लपवले नाही. तिच्या मुलांपैकी कोणाला यात रस नाही, त्यामुळे पंधरा वर्षांनी काय होईल याची हमी देता येणार नाही, मात्र विकले तर ज्यांचे पैसे निधीत आहेत त्या प्रत्येकाला आधी पत्र जाईल, असे ती म्हणाली.

वडिलांनी दरपत्रक घरी आणले आणि आयुष्यभर बँकेत जसे केले तशी पेन्सिलीने प्रत्येक ओळीखाली रेघ मारत वाचले. ओहायोकर यांच्या सांगण्यावरून आणखी दोन ठिकाणची दरपत्रके मागवली. एक स्वस्त होते, पण त्यात दर्शनाचे दालन नव्हते. पूर्ण रक्कम भरायची नाही, इच्छा लेखी करून तिच्याकडे आणि आम्हा दोघा भावांकडे एकेक प्रत ठेवायची, असे सध्या ठरले आहे. एडिसनच्या माई, पेसमेकरची नोंद त्यात पहिल्या ओळीत घातली आहे, कारण वडिलांना तो आहे आणि आम्हा कोणालाच हे सुचले नव्हते.

निघताना तिने एक अडचण सांगितली. नऊवारीच्या वेळी घरच्या बायका होत्या, पण धोतर कसे नेसवायचे हे तिला कोणी दाखवलेले नाही आणि गेल्या दोन वेळा कुटुंबातल्या तरुण मुलांनाही ते आले नव्हते. वडील पुढच्या शनिवारी तिला आणि तिच्या मदतनिसाला ते शिकवायला जाणार आहेत. त्यासाठी एखादे जुने, मऊ धोतर जवळपास कोणाकडे असल्यास कळवावे.